घरचं मत समोरच्याला

धारहून देवासपर्यंत भाऊ गाडीत एक शब्द बोलले नाहीत. एरवी क्षिप्रेचा पूल आला की ते न चुकता हात जोडत आणि "क्षिप्रा आली" असं जाहीर करत, बाकीच्यांना जणू डोळेच नाहीत. आज पूल आला आणि गेला. गाडी चालवणाऱ्या अल्पनाने ओळखलं, शार्दूलचं पत्र वडिलांच्या खिशातच आहे.

कारखानीस मंडळी भांडताना आवाज चढवत नाहीत, अर्ज देतात. संस्थानच्या काळात दफ्तर सांभाळलेलं घराणं, ती खोड अजून गेलेली नाही. शार्दूलचं पत्रही तीनच ओळींचं होतं, आणि हिंदीत होतं, कारण मराठी तो फडाफडा बोलत असला तरी लिहायची म्हटली की त्याला घाम फुटत असे. प्रति, निवडणूक अधिकारी, प्राध्यापक संघ. या वर्षी मतदानाची पर्ची छापलेली असावी, मतदाराने नावासमोर फक्त शिक्का मारावा. खाली सही, आणि सहीखाली लिहिलं होतं की आपण स्वतः अध्यक्षपदाचे उमेदवार आहोत.

निवडणूक अधिकारी म्हणजे भाऊ, शार्दूलचे सख्खे मोठे काका. आणि समोरची उमेदवार अल्पना, भाऊंची मुलगी.

धारच्या त्यांच्या कॉलेजात ग्रंथपाल आणि क्रीडा अधिकारी धरून संघाचे त्रेचाळीस सभासद होते. दर दोन वर्षांनी अध्यक्ष आणि सचिव निवडायचे. रीत भाऊंनीच घालून दिलेली. सभासदाने कोऱ्या चिठ्ठीवर आपल्या हाताने नाव लिहायचं, घडी घालायची आणि ग्रंथालयातल्या कार्डांच्या जुन्या लाकडी खणात टाकायची. चिठ्ठ्या एकट्या भाऊंनी उघडायच्या, मोठ्याने वाचायच्या, दोघांनी फळ्यावर रेघा मारायच्या. निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झाली तरी हे काम त्यांच्याकडेच राहिलं. यंदा मुलगी उभी आणि बाप मोजणार, तरी तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. भाऊंच्या सचोटीवर शंका घ्यायची म्हणजे सूर्य कुठून उगवतो ते विचारण्यासारखं होतं. म्हणून तर ते तीन ओळींचं पत्र त्यांना इतकं झोंबलं.

अर्ज मागे घ्यायची मुदत उद्या, सोमवारी दुपारी बारापर्यंत होती. मतदान गुरुवारी. आणि आज देवासला भाऊंच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, म्हणजे जे काय व्हायचं ते आज सगळ्या घरासमोर होणार होतं. अल्पनाला त्याचीच धास्ती वाटत होती. तिला अध्यक्ष व्हायचं होतं, मनापासून व्हायचं होतं. पण कुणीतरी दटावून वाट मोकळी करून दिली म्हणून नको होतं.

*

शार्दूल आणि त्याची बायको उर्वी सकाळीच बसने आले होते. अक्कांचं घर टेकडीच्या पायथ्याशी, गच्चीवरून देवीच्या पायऱ्या चढणारी माणसं दिसत. शार्दूल खुर्च्या मांडत होता. पण घरात शिरल्यापासून त्याला एकट्याला कुणी सोडेना. आधी अक्कांची सून सीतावहिनी बाफल्यांचं पीठ मळता मळता त्याला स्वयंपाकघरात घेऊन बसल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. भाऊकाका चौऱ्याहत्तरचे, त्यांना या वयात लेखी कागद देऊन दुखवायचं कशाला? अल्पना आठ वर्षांनी मोठी, तिला होऊ दे अध्यक्ष, पुढच्या खेपेला तू. मग दोन चुलतभाऊ आले, त्यांनी हेच हिंदीत सांगितलं. उर्वीने तर बसमध्येच सांगून ठेवलं होतं, की सासरे गेल्यावर कुठे या घराशी येणं-जाणं सुरू झालं आहे, ते एका पर्चीपायी पुन्हा बंद पडायला नको.

उर्वीचं म्हणणं त्याला सगळ्यांत जास्त लागलं, कारण ते खरं होतं. शार्दूल चौदा वर्षांचा असताना एका दिवाळीला फराळाचं ताट घेऊन तो भाऊकाकांकडे निघाला, आणि पप्पांनी त्याला दारातून परत बोलावलं. रागावून नाही. एवढंच म्हणाले, "राहू दे, त्यांना बरं वाटणार नाही." त्यानंतर दोन्ही भाऊ अठरा वर्षं एकाच कॉलेजात नोकरीला होते. भाऊ रसायनशास्त्र शिकवत, नाना म्हणजे पप्पा ग्रंथालय सांभाळत. व्हरांड्यात समोरासमोर आले की नमस्कार, कसं काय, एवढंच. घरातले म्हणत, धारच्या घराच्या वरच्या मजल्यावरून बिनसलं. नाना गेले तेव्हा भाऊ तेराव्यापर्यंत रोज आले, पण तेव्हा बोलायला नाना नव्हते.

पत्र मागे घेणं मात्र शार्दूलला जमणारं नव्हतं. ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. नव्याने लागलेली नऊ-दहा पोरं-पोरी त्याच्या घरी येऊन बसली होती. नाव लिहायची भीती वाटते सर, असं त्यांतली एक घाबरत घाबरत म्हणाली होती. कुणाची भीती, ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

*

अक्कांना चांदीच्या चंद्रासमोर बसवलं होतं. कणकेचे एक्क्याऐंशी दिवे तबकांत लावलेले, सुना-नातसुना ओवाळत होत्या, आणि अक्का ओठांतल्या ओठांत दिवे मोजत होत्या. नवरा नोटांच्या छापखान्यात तीस वर्षं नोकरीला, त्यामुळे मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही ही सवय त्यांनाही लागलेली. दिवे बरोबर भरले. मग त्यांनी माणसं मोजली, आणि तिथे काहीतरी चुकत होतं. भाऊ खोलीच्या या टोकाला, शार्दूल त्या टोकाला. मध्ये सगळं गोत.

असे दोघं बसलेले अक्कांनी आधीही पाहिले होते. तेव्हा त्या टोकाला नाना असायचा. दोन्ही धाकटे भाऊ त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेले. कित्येकदा विचारलं त्यांनी, दोघांनाही वेगवेगळं गाठून. दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं. कारखानिसांच्या पुरुषांकडून एवढंच उत्तर मिळतं, हे अक्कांना माहेर सोडायच्या आधीपासून ठाऊक होतं.

जेवणं झाली. पाहुणे पांगले, घरचे तेवढे बाहेरच्या खोलीत उरले. भाऊंनी खिशातून पत्र काढून चौरंगावर ठेवलं आणि वर चष्म्याचं घर ठेवलं, पंख्याने उडू नये म्हणून.

"हे तू परत घे," ते शार्दूलला म्हणाले. "बाकी माझं काही म्हणणं नाही."

शार्दूलने मान खाली घातली. सकाळपासून त्याने मनाशी जे ठरवत आणलं होतं ते बोलून टाकलं. "भाऊकाका, अर्ज मी मागे घेतो. ताईच होऊ दे अध्यक्ष, मला खुशी आहे. पण पत्र नाही घेणार. ती बात माझ्या एकट्याची नाहीये."

उर्वीने सुटकेचा निःश्वास सोडला. सीतावहिनी म्हणाल्या, झालं तर मग, गोडीत मिटलं. पण भाऊंचं मिटलं नव्हतं. त्यांना अर्जाचं काही वाटत नव्हतं, पत्राचंच वाटत होतं. आणि अल्पनाला नेमकं उलटं वाटत होतं. तिने स्पष्ट सांगितलं की शार्दूलने अर्ज मागे घेतलेला तिला चालणार नाही. बिनविरोध निवडून आलेल्या अध्यक्षाला प्राचार्य चहा पाजतात आणि वाटेला लावतात. बावीस माणसांनी तिला निवडलं असं तिला सांगता यायला हवं होतं. मुलीनेच असं म्हटल्यावर भाऊ आणखी बिथरले.

हाताने नाव लिहिण्यात काय आहे, ते त्यांनी मग शिकवायच्या सुरात सगळ्यांना समजावलं. नाव लिहिताना माणूस क्षणभर थांबतो, विचार करतो. शिक्का काय, टपालातला कारकूनही मारतो. आणि भीती कसली? कोण कुणाचं अक्षर ओळखायला बसलंय?

"तुम्ही ओळखता असं म्हणतात पोरं," शार्दूल हळूच म्हणाला.

"ओळखतो मी!" भाऊंचा तोल गेला. "तीस वर्षं यांच्याबरोबर पेपर तपासलेत, हजेरीपट पाहिलेत. न ओळखायला काय झालं? पण त्यावरून कधी कुणाचं वाकडं केलं? ही अल्पना. दोन हजार चौदाला मी ज्यांच्या बाजूने होतो त्यांना सोडून हिने पाठक मॅडमना मत दिलं. बोललो मी कधी? विचारा तिला."

कुणी तिला विचारलं नाही. अल्पना वडिलांकडे पाहत राहिली. तेव्हा ती दोन दिवस झोपली नव्हती. वडिलांच्या विरुद्ध जातेय म्हणून नाही, त्यांना कळलं तर वाईट वाटेल म्हणून. आणि त्यांना त्याच संध्याकाळी कळलेलं होतं. त्यानंतर तीन वर्षं ती अभ्यास मंडळावर का आली नाही, हे कोडं तिने कधी सोडवायला घेतलं नव्हतं. भाऊंनी कुणाला काही सांगितलं असेल असं तिला आताही वाटत नव्हतं. त्यांनी फक्त तिचं नाव सुचवलं नसेल. तेवढंच पुरतं.

"भाऊ," ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला सगळ्यांचंच माहीत होतं?"

 आपण काय बोलून बसलो हे भाऊंना आता कळायला लागलं होतं.

शार्दूलने वर पाहिलं. तो बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं होतं. "मग पप्पांचंही माहीत असेल."

 टेकडीवरच्या घंटा ऐकू येत होत्या. मग भाऊ शार्दूलकडे न बघता चौरंगावरच्या पत्राशी बोलावं तसं म्हणाले, "अठ्ठ्याण्णव साल. उदाजीराव मोहिते माझ्या विरुद्ध उभे होते. सतरा-सोळा झालं. एका मताने पडलो मी. मी उमेदवार म्हणून मोजणीला बसलो होतो, चिठ्ठी माझ्या समोर उघडली. मोहित्यांचं नाव, आणि अक्षर नानाचं."

वरच्या मजल्याचं भांडण गेली सव्वीस वर्षं ज्यांनी ज्यांनी खरं मानलं होतं ते सगळे त्या खोलीत होते.  शार्दूलचा चेहरा उतरला. सख्ख्या भावाला बापाने पाडलं, आणि ते आज सगळ्यांसमोर बाहेर आलं, याची त्याला लाज वाटली. उर्वी उठून त्याच्याजवळ जाऊन बसली.

अक्कांनी मात्र कपाळाला हात लावला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे तुला माहीत होतं? आणि मी समजत होते, तुला कधी कळलंच नाही."

"तुला सांगितलं त्याने?"

"दुसऱ्याच दिवशी. पहिल्या बसने आला, या इथे बसला. पाण्याला शिवेना. म्हणाला, अक्का, भाऊने सभेत सगळ्यांसमोर शब्द दिला होता, उमेदवाराच्या घरचं मत समोरच्याला जाईल. शब्द राहिला, पण तो एका मताने पडला गं. मी म्हटलं, मग जा आणि भाऊला सांग हे. तर म्हणाला, मत गुप्त असतं ना, अक्का. सांगायचं कसं?"

भाऊंना आधी ते वाक्य आठवेना. मग आठवलं. निवडणुकीच्या आधीच्या सभेत मोहित्यांच्या बाजूचं कुणीतरी म्हणालं होतं की एका घरचे दोन सभासद, म्हणजे कारखानिसांना एक मत घरूनच मिळालं. भाऊ उठले होते आणि छाती पुढे काढून म्हणाले होते, उमेदवाराच्या घरचं मत समोरच्याला जाईल, लिहून ठेवा. टाळ्या पडल्या होत्या. घरी पोचेपर्यंत ते वाक्य विसरून गेले होते. सभेत अशी वाक्यं बोलायची असतात, घरच्यांनी ती मनावर घ्यायची नसतात, हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की नानाला वेगळं सांगावं असं मनातही आलं नाही. नानाला पुस्तक अमुक कपाटात ठेव म्हटलं की तो तिथेच ठेवत असे.

"मी ते बोलण्यात बोललो होतो," भाऊ म्हणाले.

"तो ऐकण्यात ऐकत नव्हता रे," अक्का म्हणाल्या. "लहानपणापासून तुझा शब्द म्हणजे त्याला शब्द. तू विचारायचं होतंस त्याला एकदा, का दिलंस म्हणून."

"विचारणार कसं?" भाऊ म्हणाले. "विचारलं असतं तर अक्षर ओळखलं हे सांगावं लागलं असतं."

एकाला सांगता आलं नाही, दुसऱ्याला विचारता आलं नाही, आणि दोघंही नियमाने वागले होते. सीतावहिनी पदराने डोळे पुसत आत गेल्या. सकाळपासून ज्या शार्दूलला गोडीत समजावत होत्या त्याच्यासाठी त्यांनी आतून पाणी आणलं, आणि पहिला पेला त्याला दिला, भाऊंना नाही.

अल्पनाने चष्म्याचं घर उचललं आणि पत्र हातात घेतलं. "भाऊ, पर्ची छापलेली असेल," ती म्हणाली. "आणि यंदा मोजणीला तुम्ही बसायचं नाही. नाहीतर उद्या बाराच्या आत मी माझा अर्ज मागे घेते, आणि शार्दूल बिनविरोध होतो."

"ताई, मी अर्ज..."

"तू गप बस. तू उभा राहायचंस."

भाऊंनी अक्कांकडे पाहिलं. लहानपणी मार बसायच्या आधी ते असंच पाहत. अक्कांनी या वेळी मध्ये पडायचं नाकारलं. मग भाऊंनी खिशातलं पेन काढलं, अल्पनाच्या हातून पत्र घेतलं, आणि खाली एका ओळीत स्वीकृत असं लिहून सही केली. तारीख घालायला विसरले नाहीत.

*

गुरुवारी दुपारी भाऊ ग्रंथालयाबाहेरच्या कडुनिंबाखालच्या बाकावर बसले होते. निवडणुकीच्या दिवशी ते आजवर बाहेर कधी बसले नव्हते. येणारे-जाणारे नमस्कार करत, थोडे गोंधळत, आणि आत जात. आत इंग्रजीचे एक सर आणि क्रीडा अधिकारी मिळून मोजत होते. फळ्यावर रेघा ओढल्याचा आवाज खिडकीतून येत होता, पण नावं ऐकू येत नव्हती. भाऊंनी दोनदा कान दिला आणि मग आपणहून बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले.

साडेतीनला शार्दूल बाहेर आला. आत टाळ्या वाजत होत्या. तो येऊन काकांच्या पाया पडला आणि शेजारी बसला.

"ताई आली," तो म्हणाला. "बावीस-एकवीस."

एक मत. भाऊंचं डोकं सवयीने हिशेब मांडायला लागलं. या पोराने बापासारखंच घरचं मत समोरच्याला दिलं असेल का? त्याने स्वतःलाच दिलं असतं तर तोच आला असता. आणि अल्पनाने काय केलं असेल? दोघांनीही एकमेकांना दिलं असेल तर मग काहीच बदललं नाही. आत त्रेचाळीस चिठ्ठ्या होत्या आणि त्रेचाळिसांवर एकच शिक्का होता. त्यातून काही कळणार नव्हतं. शार्दूलच्या चेहऱ्यावर पडल्याचं फारसं दुःख दिसत नव्हतं. विचारावं, हे अगदी ओठांवर आलं. भाऊंनी विचारलं नाही. ते सोपं गेलं नाही.

त्याऐवजी त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. आतल्या मखमली कापडाच्या मागून घडीचा एक पिवळा कागद काढला आणि शार्दूलच्या हातात दिला.

"चिठ्ठ्या मोजून झाल्या की जाळायची रीत आहे," ते म्हणाले. "ही मी जाळू दिली नाही. हळूच खिशात टाकली होती. आता तू ठेव."

शार्दूलने घडी उलगडली. उदाजीराव मोहिते. त्याने ते दोनदा वाचलं, मग उठून ग्रंथालयाच्या दारात गेला. तिथे भिंतीशी कार्डांची जुनी कपाटं अजून उभी होती. एक खण ओढून त्याने एक कार्ड काढलं, चिठ्ठीशेजारी धरलं, आणि दोन्ही घेऊन परत आला.

"हे बघा ना, भाऊकाका," तो म्हणाला. "कार्डावर लिहायचे तसंच लिहिलंय पप्पांनी. एकेक अक्षर सुटं. सगळ्या कॉलेजला माहीत असलेलं अक्षर. लपवायचं असतं तर कसंतरी लिहिलं असतं ना?"

भाऊंनी चिठ्ठी परत हातात घेतली. किती वेळा पाहिली होती ती, किती रागाने, पुढे पुढे तर नुसतीच, सवयीने. कोपऱ्यात शाई जराशी फुटलेली त्यांना पाठ होती. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी होतं. मोठ्या भावाने कामाला लावावं आणि धाकट्याने मन लावून करावं, तसं.

"हो रे," ते म्हणाले.  सव्वीस वर्षं त्यांनी त्या चिठ्ठीवरचं फक्त नाव वाचलं होतं.